गुण

थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं नाही,
चहा नाही, सिगारेट नाही.
लॉक्लन घड्याळाखाली बसून राहिला
परीक्षेला बसल्यासारखा.
बाहेर ग्लेस बेच्या धक्क्यावर
शेवंडांचे रिकामे पिंजरे, वर हातभर बर्फ.
नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायला
अकरा मिनिटं लागली.
"तोंड कोरडं पडतं," तो म्हणाला,
"ते गोळीनं की माझ्यानं, तेवढं आधी शोधा."

चार वर्षांत पाच औषधं.
एकानं झोप नेली, एकानं नुसती झोपच दिली,
तिसऱ्यानं हात असे कापायचे
की पिंजऱ्याची गाठ बसेना.
चौथं मला आठवत नाही. त्यालाही नाही.
दर वेळी, सहा आठवडे थांबा.
दर वेळी मी कॅलेंडरात तारखेभोवती गोल काढायची.

मार्चमध्ये अहवाल आला.
हिरवा रकाना, पिवळा, तांबडा.
पाचातली तीन नावं तांबड्यात.
यकृतातलं एक विकर काम करत नाही, डॉक्टर थिबोडो म्हणाली,
औषध आत येतं, बाहेर पडत नाही.
साचत जातं.
"पंप बंद पडलेली खाण," लॉक्लन म्हणाला,
आणि कितीतरी महिन्यांनी हसला.

मग लागू काय पडेल, ते कळलं?
"नाही. काय मानवणार नाही, याचा थोडा अंदाज."
थोडा, हे ती दोनदा म्हणाली.

मला वडील दिसत होते,
मोठ्या इस्पितळातून घरी आणलेले,
फळीसारखे ताठ,
हनुवटीवरून लाळेची तार,
आणि टॉवेल घेऊन आई:
मनावर घेत नाहीत, नाहीतर केव्हाच गुण आला असता.
अख्खं गाव हेच म्हणायचं.
मीही. नऊ वर्षांची होते.

"तेही असेच असतील का?"
गेलेल्या माणसाचं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाली.

तो टॉवेल आई रोज धुवायची,
उकळत्या पाण्यात, सोडा घालून.
दोरीवर कडक वाळायचा.

गाडीत लॉक्लननं नवी गोळी नखानं मोडली,
अर्धी जिभेवर ठेवली,
अर्धी चांदीच्या कागदात परत.
"सहा आठवडे," तो म्हणाला.
मी वायपर लावले.
काच पुसायला तेच एक होतं हाताशी.