आगकाडीएवढं उघडं

मामीने मांडवीत घेतलेली साडी
दुकानात कुसुंबी होती, घरी येईतो विटकरी झाली.
परत घेऊन गेली तर दुकानदार शांतपणे म्हणाला,
"बेन, साडी तो एज छे. लाइट बदलाई गई."
मामी तडक माझ्याकडे.
तू दिव्यांचंच शिकतेस ना,
मग एक न खोटं बोलणारा दिवा कर.

मी पूड करते, मामी.
दिवा नंतर कुणी दुसराच करतो.

अगेटच्या खलात तासभर, एकाच दिशेने,
स्ट्रॉन्शियम, सिलिका, बोरिक आम्लाची चिमूट,
आणि शेवटी, श्वास धरून, युरोपियम:
शंभरांच्या वस्तीत एखादाच पाहुणा.
काटा चौथ्या दशांशावर थरथरतो
म्हणून पंखा बंद.
फत्तेगंजात, मे महिन्यात, पंखा बंद.

एकदा हाव सुटली. पाहुणे दसपट केले.
पूड अंधारात मख्ख बसून राहिली.
अणू फार जवळ आले की उजेड
एकमेकांतच फिरवत बसतात,
बाहेर काही येत नाही.
भट्टीवरचे इंगवले म्हणाले,
आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं.

ही भट्टी त्यांची. अकराशे पन्नास अंशांना
ते "जरा ऊब आली" म्हणतात.
कोळसाही तेच आणतात,
कमाटीबागेच्या फाटकावरच्या कणीसवालीकडून;
म्हणतात, विकतच्या डब्यातला कोळसा धुरकट,
हिचा आधीच मका भाजून शहाणा झालेला.

कारण युरोपियमचं असं आहे:
मोकळ्या हवेत भाजला तर लाल.
कोळशाच्या आड, झाकणबंद भाजला
तर एक इलेक्ट्रॉन परत मिळतो त्याला,
आणि तोच, अगदी तोच, निळा होतो.
काळ्या पडद्यामागे, अतिनील दिव्याखाली
पहिल्यांदा दोन बशा शेजारी ठेवल्या
तेव्हा मी चिठ्ठ्या उलट लागल्या समजून
सगळं पुन्हा केलं. सहा दिवस.

मग झाकण थोडं सरकवून पाहिलं.
थोडी हवा, थोडा कोळसा:
गुलाबी, जांभळट, कुणालाच नको असलेला.
हिरव्यासाठी टर्बियम. जास्त झालं.
कमी केलं. निळा मान वर काढू लागला.
वही भरली. कोपऱ्यात इंगवल्यांच्या अक्षरात
भट्टीच्या वेळा, आणि एकदा, का कोण जाणे,
दुधाचा हिशोब.

चौतिसाव्या बशीला मामीला बोलावलं.
ती साडी घेऊन आली, पिशवीत घालून,
रुग्णाला आणावं तशी.
आधी व्हरांड्यात, उन्हात धरली: विटकरी.
चारला पुन्हा धरली, तर उन्हातही वेगळीच.
म्हटलं, बघ, सूर्यसुद्धा एक सांगत नाही.
तिने ऐकलं नाही.

आत पडदा ओढला.
चौतीस नंबर साडीवर पडला.
मामी काही बोलली नाही, पदर उलटून
काठ पाहिला, मग हातावर घेऊन,
मग माझ्या खांद्यावर टाकून.
"हाच," म्हणाली. "दुकानातला."

म्हणजे तोच खोटा, मामी?

"मी निवडला तेव्हाचा," ती म्हणाली,
आणि घडी घालू लागली.

त्या दिवशीची नोंद वहीत अशी आहे:
क्ष शून्य पूर्णांक सेहेचाळीस, य एक्केचाळीस.
हवा: थोडी.
झाकण: आगकाडीएवढं उघडं.