टाकीतला ढग

बोहरी आळीतलं निळं जिलेटिन
चिमट्यांनी दिव्यावर.
मासे बादलीत, टाकी टेबलावर,
मागे पुठ्ठ्याचा डोंगर.
सुहृद, ड्रॉपरनं दूध सोड. हळू.
अरे हळू! ढग आहे तो, चहा नव्हे.

निखाऱ्यावर उद टाकला
तशा वरून परचुरेकाकू : काय जळतंय रे?
संध्याकाळ, काकू.

चौदा वेळा पाणी बदललं.
पंधराव्यांदा ढग उतरला, डोंगराला टेकला.
आम्ही श्वास धरून,
श्वासानंही डोंगर हलतो म्हणून.

आता लोक विचारतात, कुठला घाट?
नारायण पेठ, दुसरा मजला.

आकाशात उजवीकडे
सुहृदचा अंगठा उमटलाय.
पुसता आला असता.
पण त्या उंचीवर
दुसरं कोण पोचलं होतं?

मासे अजून बादलीतच.