खासगी टूर

मालवणच्या जेटीवर पाय ठेवायला जागा नव्हती,
म्हणून ओर्नेलाबाईंना घेऊन मी निवतीला आलो.
एक गिऱ्हाईक, एक गाईड.
किल्ल्याची माहिती तोंडपाठ होती, ती तशीच राहिली;
बाई उतरल्या त्या थेट भिकलो कोचरेकराच्या
जाळ्यापाशी बसल्या
आणि त्याची एक सुटलेली गाठ बोटाने दाखवली.

मी म्हटलं, तुमच्या देशात येऊन गेलोय मी,
जहाजावर भांडी घासायचो तेव्हा.
व्हेनिसला चार तासांची सुट्टी मिळाली होती.
पाहिलं काय? पुढच्याची मान,
आणि कुणीतरी उंच धरलेली पिवळी छत्री.

बाई हसल्या. माझं गाव तिथून जवळच, म्हणाल्या, किओज्जा.
भिकलोची काठी मागून घेतली.
ओहोटीच्या वाळूत तीन रेघा: हे कालवे.
शिंपला ठेवला: हा पूल.
इथे पहाटेचा मासळीबाजार.
तारल्या कांद्यात नि व्हिनेगरात मुरवायच्या,
तिसऱ्या दिवसाआधी हात लावायचा नाही.
आणि इथे माझी आई, दारात खुर्ची टाकून
येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवत.
"ही तर आमच्याच वाडयेतली," भिकलो म्हणाला.

तिसऱ्या कालव्यात खरंच पाणी शिरलं.
आम्ही मागे सरकलो.
बाजार गेला, आईची खुर्ची गेली,
पूल तेवढा भिकलोने उचलून खिशात टाकला.

संध्याकाळी बाईंनी ठरलेले पैसे दिले.
निम्मे मी परत केले, दुसरी टूर त्यांची होती म्हणून.
वाटलं, नको म्हणतील.
त्यांनी घेतले.
मोजूनही पाहिले.