फेरीपुरतं

तुर्कूच्या बंदरात, फेब्रुवारीत, रात्री पावणेतीनला
सर्व्हर पुन्हा फुगला.
दर तीन महिन्यांनी फुगतो.
ऑस्मो त्याला बंद करून चालू करतो
आणि वहीत लिहितो: ठीक.

या खेपेला साइमीने त्याचा हात धरला.
मरायचाय तर मरू दे, म्हणाली,
पण आधी पोटात काय आहे ते बघू.

नियम तसा साधा होता:
कुणी काही स्वतः घडवायचं नाही.
प्रवासाला केबिन लागली, तिकीट लागलं, भोंगा लागला
तर दारात उभं राहून मागायचं.
देणारा देईल,
आणि त्यानेच आधी ठरवलेलं असेल
हे कायमचं, की फेरीपुरतं.
बोट धक्क्याला लागली की फेरीपुरतं ते सुटावं.

सुटलं नव्हतं.
एक लाख चाळीस हजार प्रवास, सगळे आत, उभ्याउभ्या.
केबिन ६२१४: एक माणूस, एक कुत्रा,
मारिएहाम्नपर्यंत, परतीचं नाही.
नोव्हेंबरातच उतरलेला.

झाडूवाला येत नव्हता असं नाही.
येत होता, मिनिटामिनिटाला.
तो विचारत नाही, तू कामाचा आहेस का.
मुळापासून हात धरत धरत निघालं
तर तुझ्यापर्यंत पोचता येतं का, एवढंच बघतो.
येत असेल तर झाडू उचलतो, पुढे जातो.
पिंड मांडून ठेवलाय, कावळा वर घिरट्या घालतोय
आणि शिवत नाही. काहीतरी राहिलंय.

ते भोंग्यात राहिलं होतं.
भोंगा कायमचा. त्याने प्रत्येक प्रवासाचं नाव
टिपून ठेवलेलं, बोट सुटताना हाक मारीन म्हणून.
हाक मारली. नाव खोडलं नाही.

सकाळी रौनोला फोन. निवृत्त, कानाला यंत्र.
"भोंगा? अगं, तो मी तात्पुरता लिहिलेला."
अकरा वर्षांपूर्वी.
मग कितीतरी वेळ नुसती किटली ऐकू येत राहिली.

दुरुस्ती एका शब्दाची.
दुपारपर्यंत आलेख करवतीसारखा:
चढतो, पडतो, चढतो.
ऑस्मोने लिहिलं: ठीक.

साइमी हातमोजा घालताना थबकली.
मनगटावर पेनाने ६२१४, रात्री शोधताना लिहिलेलं.
कुत्रा कसला असेल रे, तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं.
तेवढा रकाना आम्ही कधी ठेवलाच नाही.