हजारीपहाडच्या उतारावर

मागच्या पावसाळ्यात आमचं अंगण
खाली ठवऱ्यांच्या न्हाणीपर्यंत गेलं.
तुळस, धुण्याचा दगड, दोरीसकट एक चिमटा.
ठवरे काही बोलले नाहीत.
घमेल्यानं माती भरून
आमच्या फाटकाशी आणून ठेवली.

आता उईके मिस्त्री काळा दगड ठोकून ऐकतात.
बद्द वाजला की बाजूला.
"सरळ नाई उभी कराची, बाई.
पहाडाकडे जराशी रेलली पायजे,
दार पाठीनं दाबून धरते ना कोणी, तशी."
मागे मुरूम, गिट्टी,
आणि हात-हात सोडून पाइपाचे तुकडे.

एवढी भोकं? मग भिंत कशाला?
"मातीले थांबवा लागते. पाण्याले नाई.
पाणी अडवलं का थे भिंत घेऊनच जाते."

पण जाणार कुठे ते पाणी?
ओळंबा हलायचा थांबला,
तरी कुणी बोललं नाही.

संध्याकाळी मी पहिल्यांदाच
खालच्या फाटकाची कडी वाजवली.
ठवऱ्यांच्या हातात फावडं.
नालीची रेघ चुन्यानं आधीच आखलेली,
आमच्या एकेका भोकाखाली एक फुली.
शेवटच्याखाली नव्हती.
ते आम्ही आजच दुपारी ठेवलं होतं.