मूळ सापडेना

पाण्याच्या पाळ्यांची यादी ज्या यंत्रात
ते आज सकाळी उठलंच नाही.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची दाटी,
तिचा अर्थ एवढाच की मूळ सापडत नाही,
म्हणून पुढे जाता येत नाही.
खाली कर्सर. तोसुद्धा मिचकत नव्हता.

गुलबार्चीन म्हणाली, मी काही केलं नाही.
रात्री त्यानं विचारलं, नवं आलंय, घालू का?
इतकं अदबीनं विचारत होतं,
म्हटलं, घाल बाबा.

एप्रिल. नारिनच्या वरच्या अंगाला बर्फ सैल झालाय,
कालव्याच्या दाराची किल्ली सातिबाल्दीच्या कमरेला,
आणि आज कोणाचं शेत, किती तास,
हे ठाऊक फक्त या मुक्या डब्याला.
पाणीसंघाच्या उंबऱ्याबाहेर चिखलाचे अकरा जोड बूट,
आत एक बूट होईना.
माणसं लोकरी मोज्यांवर, भिंतीला पाठ लावून,
माझ्या मानेकडे बघत.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो.
एकदा कोणाची तरी इस्त्री दुरुस्त केली होती,
तेव्हापासून गाव मला यातलाही वैद्य समजतं.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
कालव्याचं विचारावंच लागतं.

बंद. चालू. एस्केपचं बटण दाबून धरायचं,
ठीक त्या क्षणी, ना आधी ना नंतर.
तीनदा हुकलं.
चौथ्यांदा यादी आली : चार कर्नल,
एकाखाली एक, नावं सारखीच, शेवटचा आकडा वेगळा,
पेन्शनच्या रांगेत उभे असल्यासारखे.
सगळ्यात वरचा कालचा नवा. त्याला ओलांडून
मी दुसऱ्याला हात घातला.
ओळी धावल्या. पंखा घरघरला.
आणि पडद्यावर गुलबार्चीनचा भाचा, घोड्यावर,
दात पडलेला, हसणारा.

मागे कोणीतरी सोडलेला श्वास
मला मानेवर लागला.

मग कारण शोधलं. साधंच होतं.
बूटची खोली शंभर टक्के भरलेली.
नवा आला, अर्धं सामान कसंबसं कोंबलं,
उरलेल्याला जागा नव्हती,
आणि तसाच, रिकाम्या हातांनी,
रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.
त्यानं सांगितलंही असेल, रात्री,
ती दिवा मालवून गेल्यावर.

जुने दोन काढतो, म्हटलं.
काढू नकोस काही, ती म्हणाली,
जिच्या खणात कोल्खोजच्या काळातल्या पावत्या आहेत,
बटाट्याच्या, मेलेल्या माणसांच्या सह्यांनिशी.
ज्यानं आज उठवलं तो तरी राहू दे.
तो ठेवतोच आहे.
मग दोघांवर तिनं मान हलवली,
आणि खिडकीकडे तोंड केलं.

यादी उघडली. आजची पाळी : कुबानिच, चार तास.
सातिबाल्दी टोपी काढून डोकं खाजवू लागला.
दार त्यानं पहाटेच उघडलं होतं,
आठवणीनं, तुर्सुनायच्या कांद्याकडे.
कुबानिच बोलला नाही. बाहेर जाऊन बूट घातले,
उजव्यात डावा पाय,
पुन्हा काढले, पुन्हा घातले.
पाणी तर वाहून गेलेलं. ते कुठल्या
कर्नलच्या मागे परत आणायचं?

नवा नीट बसवला. आता परत बंद करून बघायला हवं,
म्हटल्यावर गुलबार्चीननं बटणावर तळहात ठेवला.
आधी छाप, म्हणाली. मे अखेरपर्यंतचं सगळं.
प्रिंटर नऊ पानं खोकला.

सगळे गेल्यावर बंद केलं.
उंबऱ्याशी चिखलाच्या वाळत्या चंद्रकोरी,
लांब कुठेतरी कांद्यात शिरणारं पाणी.
चालू केलं. मी बोटं मोजत होतो,
अकरापर्यंत पोचलो नाही तोच
भाचा हसला.

पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी डकवलेली सापडली,
तिच्या गोल अक्षरात :
रात्री काही विचारलं तर नाही म्हणायचं.