अनुक्रमणिका

हो किंवा नाही, एवढंच सांगा म्हणतोस,
आणि ते यंत्र चहाच्या पेल्याजवळ सरकवतोस.
लाल दिवा लागलाय त्याचा.
पूर्वी दिवा न लागताच सगळं ऐकलं जायचं.
ही सुधारणा आहे, लिहून घे.

मी नजीहा. ज्या बसऱ्याच्या नावाने परदेशात मोती विकतात
तिथल्या अशार भागात एकतीस वर्षं गणित शिकवलं.
प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर तो असायचा :
बीजगणितात हसरा, भूगोलात गणवेशात,
पहिलीच्या वाचनात एका मुलीच्या गालाला बोट लावून.
पान मुडपलेलं सापडलं
तर मुख्याध्यापक बापाचं नाव विचारायचे.
माझी आई त्या पानांना इस्त्री करायची. खरंच.

माझा भाऊ साबिर एका लग्नात
विनोद सांगणाऱ्याच्या शेजारी बसला होता.
हसलासुद्धा नव्हता म्हणे.
त्याचा एक बूट परत आला
आणि गोळीच्या किमतीची पावती, शिक्क्यासकट.
त्यानंतर बारा वर्षं रोज रात्री मी मागत राहिले :
कुणीतरी यावं. कुणीही.
कोण, ते सांगायचं राहून गेलं.

मग तुम्ही आलात.
खजुरांवर परागण घालायचे दिवस होते
आणि माणसं झाडांऐवजी गच्च्यांवर चढून बघत होती.
शाळा उघडली तेव्हा खिडक्यांना काचा नव्हत्या, फळा होता.
वरून हुकूम नव्हता, वर कुणी नव्हतंच.
मीच म्हटलं, पहिलं पान फाडा.

चाळीस मुलं एकदम कागद फाडतात
तो आवाज तू ऐकलेला नाहीस.
त्या आवाजासाठी मी तुमचे आभार मानले, तुमच्या भाषेत,
दारात उभ्या शिपाई पोराचे,
उन्हाने नाकाची साल निघाली होती त्याच्या.
तो दचकला. त्याला वाटलं, मी काही मागते आहे.

मग म्हटलं, चला, अपूर्णांक काढा.
कुणालाच सापडेनात.
शेवटच्या बाकावरचा कुतैबा उठला,
म्हणाला, बाई, अनुक्रमणिका गेली.

ती त्याच्या पाठीवरच छापलेली होती.
त्या चेहऱ्यामागे बत्तीस ओळी,
कुठलं प्रकरण कुठे.

आम्ही हसलो. खूप हसलो त्या दिवशी.

पुढे पाण्याचं पान सापडेना. मग पोलिसांचं.
पगाराच्या याद्या कुठल्या कपाटात, ते कोषागारातल्या दाऊदला ठाऊक,
पण तो त्या पक्षाचा म्हणून तुम्ही त्याला घरी बसवलंत.
अरे, पक्षात तर मीही होते,
नसते तर खडू मिळाला नसता.
दुसऱ्या हिवाळ्यात तोंडं बांधलेली माणसं वर्गात आली
आणि त्यांनी बापाचं नाव विचारलं.
कुतैबाला फक्त स्वतःचं सांगावं लागलं.
तेवढ्यावरूनच त्यांना कळलं, तो कुणापैकी.

तू आत्ता वहीत काय लिहिलंस? दाखव.
‘फाडण्याआधी पान उलटून बघावं.’
छान आहे. तुमच्याकडे भिंतीवर लावतील.
पण मी उलटलं नव्हतं. आणि खरं सांगू,
आज पुन्हा तो दिवस आला
तर पाठीवर काय छापलंय ते पाठ असूनही
मी फाडा म्हणेन.
साबिरचा बूट अजून पलंगाखाली आहे.
आणि तुम्ही पुन्हा दारात दिसलात
तर मी दार लावून घेईन.
यातलं हो कुठलं, नाही कुठलं,
तूच निवड, तू शिकलेला आहेस.

चहा गार झाला. थांब, हे घेऊन जा.
एका जुन्या दुकानात धड पुस्तक मिळालं होतं,
त्यावरून मी नऊ रात्री कंदिलाशी बसून
चाळीस अनुक्रमणिका हाताने लिहिल्या.
अपूर्णांक, पान सत्तेचाळीस.
एकोणचाळीस वाटल्या.